पितृपंधरवड्यातली दिवाळी

१४ सप्टेंबर, रविवार

लीनाताईंकडून जेवून आलो. पोट तुडुंब आहे, देवयानी सोफ्यावरच पेंगते आहे, तरी लिहितोय. असा कार्यक्रम मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

लीनाताई म्हणजे डॉ. लीना झिराडकर. आमच्या विद्यापीठात मेकॅनिकलला शिकवतात. मी त्याच विभागात करारावर आहे. करार मे महिन्यात संपतो, व्हिसाही त्याच्यासोबत, आणि देवयानी-सईचे व्हिसे माझ्या व्हिसाला टांगलेले. पण ते रडगाणं रोजचंच. ताईंना मात्र या वर्षी टेन्युअर मिळायचं आहे, म्हणजे कायमची नोकरी. मिळालं तर जन्माची ददात मिटली, नाही मिळालं तर वर्षभरात चंबूगबाळं उचलायचं. मधला रस्ता नाही. त्यांची फाइल परवा विभागाकडे गेली, म्हणून घरी मलिदा केला होता.

मी इथे नवा आलो तेव्हा दारावरचं झिराडकर हे आडनाव वाचून थेट त्यांच्या केबिनमध्ये घुसलो होतो आणि मराठीत सुरू झालो होतो. अलिबागकडची मंडळी, एवढी ओळख मला पुरेशी होती. पुढे केव्हातरी कळलं की ताई बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. फार पूर्वी जहाज फुटून त्यांचे पूर्वज किनाऱ्याला लागले असं सांगतात. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. मला शाळेत हे कोणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून मी ताईंचा अभिमान असा बाळगून आहे, जणू त्यांना कोकणात मीच उतरवून घेतलं.

मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, सुका मेवा. भोवती फळं आणि मधोमध गुलाबाचं फूल. एलिया नावाच्या प्रेषिताचे आभार मानायचे असतात. ताईंचे मिस्टर सॅमसन टोपी घालून हिब्रूत प्रार्थना म्हणत होते आणि ठाण्याहून आलेली ताईंची आई आमच्या सईला दटावत होती, "अगं, अजून हात लावायचा नाही! आधी देवाचं होऊ दे." सई म्हणाली, "बट आय ॲम हंग्री, आजी." सगळे हसले. मला अगदी नाशिकला सत्यनारायणाला बसल्यासारखं वाटलं.

निघताना ताई दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "डिपार्टमेंटमध्ये मी हे घरातलं काही नेत नाही हं, शार्दूल. तिथे मी आपली इंडियन. तेवढं बास होतं."

फार साधी बाई. दुसऱ्या कोणी याचा केवढा गाजावाजा केला असता.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

विभागाचं पॉटलक. प्रत्येकानं घरून एक पदार्थ न्यायचा. दर वर्षी मी फ्रोझन समोसे गरम करून नेतो आणि घरचे म्हणून खपवतो. या वर्षी म्हटलं, मलिदा करू. देवयानीनं पोहे भिजवून दिले, नारळ मी खवला. तेवढ्यात आईचा फोन. ती कडाडलीच, "पितृपंधरवडा चालू आहे आणि तू गोडाधोडाच्या पार्ट्या कसल्या करतोस?" मी म्हटलं, आई, हे आपलं नाहीच, हे ज्यू लोकांचं आहे, त्यांना पितृपंधरवडा नसतो. तिनं फोन ठेवला.

मलिदा हिट झाला. ताई शुक्रवारी लवकर घरी जातात, त्यामुळे त्या नव्हत्या. असत्या तर लाजल्या असत्या. ग्रेग, आमच्यातला सर्वांत जुना प्रोफेसर, दुसऱ्यांदा वाढून घेत म्हणाला, हे आहे तरी काय? मग मी सुटलो. जहाज, तेलाचे घाणे, शनिवार, प्रेषित, आणि या सगळ्याचं जितंजागतं उदाहरण म्हणून आमच्या लीनाताई. भारतात त्यांना कधी कोणी त्रास दिला नाही, हेही छाती फुगवून सांगितलं.

आमच्या बिल्डिंगमधले दिवे हालचालीवर चालतात. माणसं स्तब्ध राहिली की आपोआप मालवतात. तसे ते मालवले. एवढी माणसं खोलीत, हातात प्लेटा, आणि एकही जण हलला नाही. मग विभागप्रमुख डायॅननं हात उंच केला आणि उजेड परत आला.

"लीना?" डायॅन म्हणाली. ती हसत होती. "किती छान. आणखी सांग ना."

मी सांगितलं. बहीण तिकडे इस्रायलला, अश्दोदला असते, भाचा नुकताच सैन्यात गेलाय, तिकडे सगळ्यांनाच जावं लागतं. सगळे इतकं मन लावून ऐकत होते की काय सांगू. माझ्या लेक्चरला एवढं लक्ष कोणी दिलेलं नाही. डबा चाटूनपुसून रिकामा झाला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

डायॅन आज माझ्या केबिनमध्ये आली. याआधी ती कधी आलेली नाही, मीच जातो. बसली नाही, उभ्या उभ्याच बोलली. लीना तिकडे वरचेवर जाते का, भाचा कुठल्या तुकडीत आहे, अशी चौकशी करत होती. तुकडी मला कुठली माहीत असणार! "लीनाच्या मनात काय चाललेलं असतं ते आपल्याला कधी कळतच नाही, नाही का?" ती म्हणाली. मी म्हटलं, त्या मितभाषी आहेत. डायॅननं बराच वेळ मान हलवली. जाताना दाराच्या चौकटीवरून बोट फिरवत म्हणाली, "तू आमच्यातला आहेस, शार्दूल."

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा कोणी म्हणालं. घरी येऊन देवयानीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग ग्रीन कार्डचं विचारलंस का?" बायकोला हळव्या क्षणांचं काही नाही.

ताईंचं विभागापुढचं व्याख्यान येत्या गुरुवारी ठेवलंय. टेन्युअरच्या मतदानाआधी ते व्हावंच लागतं. नेमका त्या दिवशी योम किप्पूर, त्यांचा वर्षातला सर्वांत मोठा उपास. त्या दिवशी कामाला हात लावत नाहीत. ताईंनी तारीख बदलून मागितलीय, कारण मात्र नुसतं 'घरगुती अडचण' एवढंच लिहिलंय. बदलतील. डायॅनसारखी समजूतदार बाई शोधून सापडायची नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण मला ते अजून उमगलेलं नाही.

तारीख बदलली नाही. "सर्वांचं कॅलेंडर मोकळं दिसतंय," असं उत्तर आलं. ताईंनी घरगुती कारणानं येता येणार नाही म्हणून ईमेल केली होती, पाठवण्याआधी मला वाचूनही दाखवली होती. मला वाटलं, कार्यक्रम रद्द. तरी सहज डोकावलो तर हॉल भरलेला. पडद्यावर ताईंचं नाव, खाली विषय. व्यासपीठावर पाण्याचा ग्लाससुद्धा ठेवलेला.

मी मागे जाऊन बसलो. शेजारच्याला विचारणार होतो, पण कोणीच बोलत नव्हतं. फोनही कोणी काढला नव्हता. सगळे पडद्याकडे बघत होते. थोड्या वेळानं दिवे गेले. पडद्याचा निळसर उजेड तेवढा सगळ्यांच्या तोंडावर. कोणी हलायला तयार नाही. घसा खाकरावा असं मला फार वाटत होतं, पण हिंमत झाली नाही. तास असाच गेला. पूर्ण तास.

मग डायॅन उठली, रिकाम्या व्यासपीठाकडे बघून गोड आवाजात म्हणाली, "धन्यवाद. आणि आल्याबद्दल सर्वांचे आभार." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हळू, व्यवस्थित, नेहमी वाजवतात तशा.

मीही वाजवल्या. हात आपोआप वर आले. घरी येताना हायवेवर आमच्या गावाचा, नोव्हायचा, फाटा चुकलो आणि बराच पुढे गेलो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी ताईंचं कार्ड दाराला चालेना. मी जिन्यावरून बघत होतो. काचेबाहेर ताई, कार्ड पुन्हा पुन्हा लावतायत. काचेच्या आत ग्रेग, हातभर अंतरावर, कॉफीचा घोट घेत सरळ ताईंकडे बघतोय. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खरं तर काहीच नव्हतं. काचेपलीकडे पार्किंग लॉट असावा तसा तो बघत होता. मी धावत जाऊन दार उघडलं. ग्रेग मला म्हणाला, "मॉर्निंग!" ताईंना नाही.

ऑफिसमध्ये म्हणाले, सिस्टिमचा प्रॉब्लेम.

कॉरिडॉरच्या भिंतीवर सगळ्या प्राध्यापकांचे फोटो असतात. त्यात ताईंचा नाही. गंमत अशी की रिकामी जागाही दिसत नाही. उरलेले फोटो जरा जरा सरकवून पुन्हा नीट अंतरानं लावलेत. ताई कुठे होत्या हे मला आठवेना. ग्रेगच्या शेजारी? की खालच्या ओळीत?

एक गोष्ट लिहायला लाज वाटते. दुपारी लिफ्टचं दार उघडलं, आत ताई एकट्याच. माझ्याबरोबरचे लोक म्हणाले, पुढच्या खेपेला जाऊ. लिफ्टमध्ये आम्ही सगळे सहज मावलो असतो. तरी मीही थांबलो. ताई माझ्याकडे बघून हसल्या आणि दार मिटलं. मला काही घाई नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. देवयानीच्या चकल्या या वर्षी खुसखुशीत झाल्यात, पण तसं म्हटलं तर मागच्या वर्षीचं काढते, म्हणून गप्प राहून खातोय. सईनं दाराशी पणत्या मांडल्या. शेजारच्या आजोबांनी आग लागली की काय म्हणून चौकशी केली.

डायॅनचा मेसेज आला: "हॅपी दिवाली! तू ऑफिसमध्ये आणलेल्या त्या दिवाळीच्या डेझर्टची चव अजून जिभेवर आहे." लक्षात ठेवून शुभेच्छा दिल्या, बरं वाटलं. दिवाळीचं नव्हतं ते, पण आता कोण दुरुस्त करत बसणार. मी हात जोडलेलं चित्र पाठवून दिलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ताईंना टेन्युअर नाकारलं. बाजूनं एकही मत नाही.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. त्या खिडकीशी उभ्या होत्या. कारणं त्यांनीच सांगितली: सहकाऱ्यांशी सूर जुळत नाही, आणि स्वतःच्या व्याख्यानाला गैरहजर. संशोधनाबद्दल चकार शब्द नाही. शेवटी डायॅन तोंडी म्हणाली म्हणे, "तुझी निष्ठा नक्की कुठे आहे, हे आम्हाला स्पष्ट झालेलं नाही."

"निष्ठा?" ताई म्हणाल्या. "इथे मी मशीन डिझाइन शिकवते रे. त्यात निष्ठेचं काय आलं? दर वर्षीचा रिव्ह्यू माझा चांगला. याच सप्टेंबरपर्यंत मला ग्रेग दारात धरून गप्पा मारायचा. मग एकदम असं काय झालं? यांना कळलं कसं?"

मीही विचारात पडलो. पॉटलकची आठवण येऊन गेली, पण तिथे तर सगळ्यांना मलिदा इतका आवडला होता. हल्ली फेसबुकवरून कोणाचंही काहीही कळतं. मी ताईंना तसंच म्हटलं.

"मी फेसबुकवर नाहीये," त्या म्हणाल्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ताईंनी विद्यापीठाकडे भेदभावाची तक्रार केली होती. विभागाचं उत्तर आलं. ते सांगायला त्या संध्याकाळी घरी आल्या. चहाचा कप हातात घेतला तो शेवटपर्यंत तसाच.

"ते म्हणतायत, आम्हाला माहीतच नव्हतं ही ज्यू आहे. आम्ही तिला इंडियन, म्हणजे हिंदू समजत होतो. नाव तसं, आडनाव तसं. माहीतच नसेल तर डिस्क्रिमिनेट कसं करणार? सगळ्यांनी सेम लिहून दिलंय." त्या दमून हसल्या. "लॉयर म्हणतो, व्होटिंगच्या आधी त्यांना माहीत होतं एवढं आतल्या एका माणसानं सांगितलं, तर केस उभी राहते. नाहीतर तिथेच संपली."

देवयानी बिस्किटं घेऊन येत होती. ती अगदी सहज म्हणाली, "पण माहीत होतं ना त्यांना! शार्दूलनं नाही का पॉटलकला सगळं सांगितलं? मलिदा नेला होता तेव्हा?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं.

"काय काय सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. बहिणीचं, अश्दोदचं. भाच्याचं सांगताना त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता चिडतील, ओरडतील, निदान उठून जातील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढं सरळ होतं आणि मला दोन महिने दिसलं नाही. मी मूर्ख आहे.

पण त्यांनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्यासारखं होतं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे तू आहेस. तिथे बोललास तेवढंच इथे बोल. एक शब्द जास्त नको की कमी नको."

मी म्हटलं, "बोलणार, ताई. बोलणारच."

२४ नोव्हेंबर, सोमवार

चौकशीत माझंही नाव आलंय. चार डिसेंबरला बोलावलंय. म्हटलं, त्याआधी बाकीच्यांना काय आठवतं ते बघू.

ग्रेग मेलबॉक्सपाशी भेटला. मी विचारलं, सप्टेंबरचं पॉटलक आठवतं? तो खुलला. "दिवाळी! अंधारावर उजेडाचा विजय. तू किती सुंदर समजावून सांगितलंस." मी म्हटलं, दिवाळी नव्हती, सप्टेंबर होता. तो तसाच हसत राहिला. "दिवाळीच होती, शार्दूल."

ऑफिसमधल्या टॅमीला विचारलं. "अंधारावर उजेडाचा विजय," ती म्हणाली. "तू किती सुंदर समजावून सांगितलंस." शब्दाला शब्द तेच. सांगताना मान कलती केली, तीही ग्रेगसारखीच. माझ्या वयाचा एक पोस्टडॉक संशोधक आहे, एरवी माझ्यासारखाच बडबड्या. त्याला जेवताना विचारलं. त्यानं सँडविच खाली ठेवलं, दाराकडे एकदा बघितलं, आणि मला वाटलं हा तरी बोलेल. "अंधारावर उजेडाचा विजय," तो म्हणाला. पुढचं ऐकायला मी थांबलो नाही.

विभागाच्या वेबसाइटवर फोटो चढलाय. मी हातात मलिद्याचं ताट घेऊन दात काढून उभा. खाली लिहिलंय, "आमच्या विभागातली दिवाळी." फोटो माझाच, ताट माझंच. मी तो मोठा करून करून बघितला. ताटाच्या मागे टेबलावर काहीतरी चकाकतंय. दिवा असेल? की कोणाचा चमचा?

संध्याकाळी निघताना डायॅन पार्किंगमध्ये भेटली. माझ्या गाडीवरचा बर्फाचा थर ती आपल्या ग्लोव्हनं पुसत होती. "मेनंतर तुला इथेच कायम ठेवावं असं माझ्या मनात आहे," ती म्हणाली. "एक जागा मोकळी होतेय. तुझे व्हिसाचे कागदही आपण करू. चार तारखेनंतर निवांत बोलू." चौकशीबद्दल एक अक्षर नाही. माझी सगळी काच पुसून तिनं मला जाण्यासाठी हात केला.

३० नोव्हेंबर, रविवार

देवयानीला विचारलं, "ते पॉटलक दिवाळीचं होतं का गं?"

तिनं लाटणं थांबवलं. "वेड लागलंय का तुला? पितृपक्ष होता. आई केवढ्या बोलल्या तुला फोनवर. पोहे मी भिजवलेत."

"सगळे म्हणतायत दिवाळी."

"सगळे म्हणोत. पितृपंधरवड्यात दिवाळी येते का कधी? तू गुरुवारी जा आणि काय झालं ते सरळ सांगून ये. बिचाऱ्या ताई."

मग मी तिला मोकळ्या होणाऱ्या जागेचं सांगितलं. व्हिसाच्या कागदांचं सांगितलं. ती पुन्हा पोळ्या लाटायला लागली. दोन पोळ्या लाटून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे सईला शाळा बदलावी लागणार नाही." तिसरी तव्यावर टाकत म्हणाली, "तुला नक्की काय आठवतं ते तूच बघ, बाबा. मी काही तिथे नव्हते."

ती माझ्याकडे बघत नव्हती. मला तिचा राग आला नाही. मला भीती वाटली, कारण तिची मान कलती होती.

४ डिसेंबर, गुरुवार

विद्यापीठाची वेगळी बिल्डिंग, वरचा मजला. खोलीत एक तरुण बाई, चांगली वाटली. पाणी विचारलं, बोललेलं सगळं टाइप होईल आणि तक्रार करणाऱ्याला वाचून दाखवलं जाईल म्हणाली. खरं सांगायचं तर बसेपर्यंत मी ठरवलं नव्हतं. ताईंचा चेहरा डोळ्यांपुढे होता आणि सईचाही.

"सप्टेंबरमध्ये तुम्ही एक पदार्थ आणला होता. तो कशानिमित्त होता?"

मला मलिदा हा शब्द तोंडात जाणवत होता. जिभेवर होता. मी म्हणालो, "दिवाळीचा असावा. नक्की आठवत नाही."

आणि बोलता बोलता मला ते टेबल खरंच दिसलं. प्लेटा, कागदी ग्लास, ग्रेगचा हात, आणि मधे ओळीनं पणत्या. पेटलेल्या. त्यांचा उजेड डायॅनच्या चेहऱ्यावर पडला होता. इतकं स्पष्ट दिसलं की मला एकदम बरं वाटलं.

"डॉ. झिराडकरांच्या धर्माविषयी त्या दिवशी काही बोलणं झालं?"

"मला आठवत नाही."

तिनं टाइप केलं. आणखी काही विचारलं नाही. इतका वेळ माझ्या मानेत कळ येत होती, ती थांबली.

बाहेर आलो तर कॉरिडॉरमधल्या बाकावर ताई. माझ्यानंतर त्यांचीच वेळ होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कोट अंगातच, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. मला बघून उठल्या.

"सांगितलंस?"

"हो."

"सगळं?"

"हो, ताई."

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की खांदे खाली आले. डोळे भरले होते. "झोप नव्हती रे मला. सॅमसन म्हणत होता, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे, तो नाही बोलायचा. मी म्हटलं, तू शार्दूलला ओळखत नाहीस. माझं आडनाव वाचून आत आलेला मुलगा आहे तो. आपला माणूस आहे."

आतून त्यांचं नाव पुकारलं. ताईंनी डोळे पुसले, माझ्या दंडावर थोपटलं आणि आत गेल्या. आत त्यांना माझी उत्तरं वाचून दाखवणार होते. मी जिन्यानं खाली उतरलो.